नवं नाटक लिहायला घेताना: कोऱ्या वहीपासून पहिल्या वाचनापर्यंत

नाटक लिहायचं ठरवलेली बरीच मंडळी पहिल्याच आठवड्यात एका ठरावीक जागी अडकतात. वही उघडतात, ‘अंक पहिला, प्रवेश पहिला’ असं लिहितात, खाली दिवाणखान्याचं पाऊण पान वर्णन करतात आणि आता या खोलीत कोण येणार हे सुचत नाही म्हणून वही मिटून ठेवतात. हा प्रतिभेचा दोष नव्हे, क्रम चुकलेला असतो. नेपथ्य ही बरीच उशिरा ठरणारी गोष्ट त्यांनी सगळ्यात आधी हातात घेतलेली असते.

पुढचा क्रम रोज तासभर दिला तर साधारण तीन आठवड्यांत पुरा होतो. त्यातून पूर्ण नाटक हाती येणार नाही. तीन-चार बोलते प्रवेश, त्यांच्यातून दिसू लागलेली माणसं आणि पुढच्या लिखाणाचा कच्चा आराखडा एवढं नक्की येईल.

जवळ काय हवं

- एक वही, फक्त या नाटकासाठी. आधीच्या कथा-कवितांची वही नको.
- पंचवीस मिनिटांचा गजर लावता येईल असं घड्याळ किंवा फोन.
- पोस्टकार्डाएवढी तीसेक कोरी कार्डं. ती शेवटी लागतील.
- संगणकावर लिहीत असाल तर युनिकोड फॉन्ट. जुन्या फॉन्टमधली फाइल दुसऱ्याच्या संगणकावर उघडली की अक्षरांचा चुथडा होतो आणि वाचनाची संध्याकाळ फॉन्ट शोधण्यात जाते.
- मोठ्याने वाचायला तयार असलेली दोन-तीन माणसं. त्यांना आजच विचारून ठेवा.

## १. आठ दिवस फक्त गोळा करा

या आठ दिवसांत गोष्ट रचायची नाही. रोज वहीत पाच नोंदी करायच्या, म्हणजे आठवड्याच्या शेवटी चाळीस होतात. त्यातल्या पस्तीस वाया जातील हे धरून चाला.

नोंदी कसल्या? अर्धवट कानावर पडलेलं वाक्य, त्यातल्या अडखळण्यासकट, जसंच्या तसं. अनोळखी माणसांना एकत्र थांबावं लागतं अशी जागा. दोघांना हवी असलेली एकच वस्तू. कुणीतरी पाळतो आणि कुणीतरी मोडू पाहतो असा एखादा नियम. आणि हाताने करायचं असं काम, ज्याला सुरुवात आहे आणि शेवट आहे.

हा शेवटचा प्रकार नवे लेखक सहसा विसरतात, आणि नाटकाला सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच होतो. सामान बांधणं, मोजदाद करणं, फॉर्म भरणं, फाटलेलं शिवणं. असं काम चालू असलं की नटाच्या हातांना उद्योग मिळतो. काम किती उरलंय हे प्रेक्षकाला समोर दिसतं, त्यामुळे वेळ सरकत असल्याची जाणीव आपोआप होते. शिवाय माणसं कामाविषयी बोलता बोलता मनातलं बोलू शकतात, किंवा टाळू शकतात. दोन माणसं नुसती सोफ्यावर समोरासमोर बसवली तर हे सगळं संवादांना ओढावं लागतं, आणि संवाद दमतात.

इथे दोन गोष्टी सांभाळा. लोकांचं बोलणं त्यांना न विचारता रेकॉर्ड करू नका. ऐकून घ्या, आडोशाला जाऊन लिहून ठेवा, आणि नाव, व्यवसाय, नातं असं ओळख पटवणारं सगळं बदला. दुसरं, वर्तमानपत्रातली मोठी बातमी पाहून हुरळून जाऊ नका. बातमीत घटना असते, पण ती घडताना कोण कुणाशी काय बोललं हे त्यात नसतं, आणि तुम्हाला लिहायचंय नेमकं तेच.

## २. विषयाचा प्रसंग करा

‘एकटेपणा’, ‘भ्रष्टाचार’, ‘पिढ्यांमधलं अंतर’ हे विषय झाले. नटाला विषय करून दाखवता येत नाही. त्याला करायला काहीतरी हवं, आणि ते कुणाच्या तरी समोर हवं. म्हणून विषयाखाली हे वाक्य पुरं करा: अमक्याला तमक्याकडून अमुक गोष्ट हवी आहे, आणि ती आत्ताच हवी आहे, कारण...

नॉर्वेचा नाटककार इब्सेन याच्या ‘अ डॉल्स हाउस’ या नाटकासाठीच्या टिपणावर ‘रोम, १९ ऑक्टोबर १८७८’ अशी तारीख आहे. टिपणाची सुरुवात अगदी अमूर्त आहे: पुरुषाची सदसद्विवेकबुद्धी वेगळी, बाईची वेगळी, आणि कायदा पुरुषाच्या बाजूने लिहिलेला. पण काही ओळींतच तो एका ठोस कृत्यावर येतो. बायकोने खोटी सही केली आहे, आणि नवऱ्याचा जीव वाचवण्यासाठी केली म्हणून तिला त्या सहीचा अभिमान आहे. विषयाला खोटी सही मिळाली आणि नाटक लिहिता येण्याजोगं झालं. ते रंगमंचावर आलं डिसेंबर १८७९ मध्ये, म्हणजे टिपणानंतर वर्षाहून अधिक काळाने. तुमच्या टिपणाला महिना लागला तर घाबरू नका.

आता आपण एक उदाहरण घेऊ आणि शेवटपर्यंत तेच चालवू. विषय आहे ‘निवृत्ती’. त्याचा प्रसंग असा: रात्रीचे अकरा. गोदामाचा म्हातारा वॉचमन दामूकाका आज नोकरीतून सुटतोय. नवा पोरगा मोहन किल्ल्यांचा जुडगा ताब्यात घेतोय. वहीत नोंद सदतीस किल्ल्यांची आहे, जुडग्यात छत्तीस भरतात.

वाक्य पुरं करून पाहा. दामूकाकाला मोहनकडून सही हवी आहे, आत्ताच, कारण सहीशिवाय त्याचा हिशेब मिटत नाही. मोहनला दामूकाकाकडून सदतिसावी किल्ली हवी आहे, आत्ताच, कारण सही केली की जबाबदारी त्याची. निवृत्ती हा शब्द कुणीही उच्चारलेला नाही, आणि उच्चारायची गरजही नाही.

## ३. चार प्रश्नांची चाळणी लावा

चाळीस नोंदींतून चार-पाच प्रसंग निघाले की प्रत्येकाला हे विचारा.

*हे समोर घडताना दिसेल का?* ‘तिला हळूहळू उमगतं’ हे कादंबरीत चालतं. रंगमंचावर उमगण्याला कृती लागते: ती पत्र घडी करून ठेवते, काढते, पुन्हा ठेवते.

*आजच का?* काल किंवा पुढच्या आठवड्यात घडलं असतं तरी चाललं असतं, तर दिवस बदला. शेवटची पाळी, निकालाच्या आदली रात्र, घर रिकामं करायची संध्याकाळ असं काहीतरी.

*कोण कुणाच्या आड येतं?* दोघांनाही तेच हवं असेल आणि ते दोघांना मिळू शकत असेल, तर प्रवेश दोन मिनिटांत संपतो.

*यातलं कुणी उठून जात का नाही?* या प्रश्नावर पुरेसा वेळ घालवा. नव्या संहिता पडतात त्या बहुतेक इथेच. वाद रंगतो, शब्द लागतात, आणि वाचणाऱ्याच्या मनात येतं की ही बाई पर्स उचलून निघून का जात नाही. लेखकाने तिला केवळ संवाद संपेपर्यंत थांबवून ठेवलेलं असतं. दाराला कुलूप लावणं हा त्यावरचा सोपा उपाय, पण तो स्वस्त वाटतो. त्यापेक्षा माणसाच्या गरजेनेच त्याला बांधा. आपल्या उदाहरणात दामूकाका सही मिळेपर्यंत जाऊ शकत नाही, आणि मोहन गोदाम सोडू शकत नाही कारण पाळी त्याची सुरू झाली आहे. दार उघडं आहे, तरी दोघेही अडकलेत.

चारही प्रश्नांतून पार झालेला एकच प्रसंग निवडा. बाकीचे वहीत राहू द्या. दोन आवडले म्हणून एकाच नाटकात दोन्ही कोंबण्याचा मोह होतो. त्यातून दोन्ही अर्धवट राहतात.

## ४. जमेल तितकं उशिरा सुरू करा

गोष्टीची सुरुवात वेगळी आणि नाटकाची वेगळी. सोफोक्लीजच्या प्राचीन ग्रीक नाटकात राजा ओडिपसच्या हातून बापाचा खून आणि आईशी लग्न हे दोन्ही नाटक सुरू होण्याच्या कितीतरी वर्षं आधी होऊन गेलेलं असतं. रंगमंचावर दिसतो तो फक्त शोध. महेश एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’त कुटुंबप्रमुख आधीच वारलेला आहे, आणि त्याच्या तेराव्यासाठी घर जमलं आहे.

करायचं असं: तुमच्या गोष्टीतल्या घटना पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाखाली एक लिहा. दहा-बारा होतील. मग पहिल्या चारांवर काट मारा आणि पाचवीपासून नाटक सुरू झालं तर काय बिघडतं ते पाहा. बहुतेक वेळा काहीच बिघडत नाही. काटलेल्या घटना वाया जात नाहीत, त्या पात्रांचा भूतकाळ होतात आणि गरज पडेल तेव्हा एखाद्या वाक्यातून डोकावतात. दामूकाकाची नेमणूक, त्याची तीस वर्षं, निरोप समारंभ, मोहनची मुलाखत हे सगळं काटलेलं आहे. पडदा उघडतो तेव्हा किल्ल्या मोजून होत आलेल्या असतात.

फ्लॅशबॅक तूर्त टाळा. सुरुवातीला तो हमखास माहिती पुरवायला वापरला जातो, आणि चालू प्रसंगातला ताण तेवढ्या वेळापुरता खाली बसतो.

## ५. सगळ्यात तापलेला प्रवेश आधी लिहा

प्रवेश क्रमाने लिहायची सक्ती नाही. जो डोळ्यांसमोर सगळ्यात स्पष्ट आहे तो घ्या. गजर पंचवीस मिनिटांचा. तेवढ्या वेळात मागे जाऊन खोडायचं नाही, नाव सुचलं नाही तर ‘क्ष’ लिहून पुढे जायचं.

पहिल्या खर्ड्यापुरते तीन नियम पाळा. फक्त दोन माणसं. कुणीही समोरच्याला आधीच ठाऊक असलेली गोष्ट सांगणार नाही. आणि फोन वाजणार नाही. अडचणीत सापडलेला लेखक फोन वाजवतो आणि प्रवेश बाहेरून ढकलला जातो.

दुसरा नियम मोडला की काय होतं ते पाहा.

> मोहन : काका, तीस वर्षं तुम्ही या गोदामाची राखण केलीत आणि आज तुमचा शेवटचा दिवस.
> दामूकाका : होय रे मोहन. तुला ठाऊकच आहे, तुझी काकू गेल्यापासून हे गोदामच माझं घर झालंय.

दोघेही प्रेक्षकांसाठी बोलताहेत. दामूकाकाचा शेवटचा दिवस आहे हे मोहनने दामूकाकाला सांगायचं काय कारण? आणि ‘तुला ठाऊकच आहे’ हे शब्द खर्ड्यात दिसले की तिथे लाल खूण करा, कारण त्यानंतर येणारी माहिती हमखास प्रेक्षकांसाठी घातलेली असते.

आता तोच क्षण असा:

> मोहन : चौतीस. पस्तीस. छत्तीस. *(थांबतो.)* छत्तीस.
> दामूकाका : पुन्हा मोज.
> मोहन : तीनदा मोजल्या, काका.
> दामूकाका : मग वहीत चुकलं असेल.
> मोहन : वही तुमच्याच अक्षरात आहे.
> दामूकाका : सही कर. माझी बस जाईल.
> मोहन : साडेबाराला आहे म्हणालात ना?
> दामूकाका : *(स्टूल सरकवत)* यावर बसताना जपून. मागचा पाय हलतो त्याचा.

तीस वर्षांचा उल्लेख नाही, पण स्टुलाचा कोणता पाय हलतो हे ज्याला ठाऊक आहे तो इथे किती काळ बसला असेल ते कळतं. म्हातारा खोटं बोलतोय हेही कळतं, कारण प्रत्येक प्रश्नावर तो दुसरीच वाट धरतो. किल्ली कुठे आहे असं मोहनने अजून सरळ विचारलेलं नाही. तो प्रश्न जितका लांबेल तितका प्रेक्षक पुढे सरकून बसेल.

रंगसूचना किती? या आठ ओळींत दोन आहेत, तेवढ्या पुरतात. ‘रागाने’, ‘खिन्नपणे’, ‘डोळ्यांत पाणी आणून’ अशा सूचना कंसात घालायची वेळ आली तर संवादच पुन्हा लिहा. भाव कसा दाखवायचा ते नट आणि दिग्दर्शक ठरवतील. तुम्ही कृती द्या: थांबतो, सरकवत, किल्ल्या खिशात टाकतो.

आणखी एक सापळा म्हणजे सगळ्या पात्रांची एकच बोली. तपासायला सोपं आहे. संवादांआधीची नावं झाकून प्रवेश वाचा. कोण बोलतंय ते कळलं नाही तर एका पात्राची वाक्यं तोडून आखूड करा, दुसऱ्याला प्रश्नाला प्रश्नाने उत्तर द्यायची सवय लावा. बोलीभाषेतले चार शब्द वरून शिंपडल्याने पात्र वेगळं होत नाही. वाक्याची ठेवण बदलावी लागते.

## ६. दहा उत्तरं काढा, पहिली तीन सोडा

सदतिसावी किल्ली कुठे आहे? लगेच ठरवू नका. वहीत एक ते दहा आकडे घाला आणि दहा उत्तरं लिहा. पहिली तीन पटकन येतात: चोरीचा माल, लपवलेले पैसे, बायकोची आठवण असलेली पेटी. ही तुम्हाला आधी सुचली म्हणजे प्रेक्षकालाही तीच आधी सुचणार. पाचव्यानंतर हात अडतो, आणि खरं काम तिथून सुरू होतं. सातव्या-आठव्या क्रमांकावर कदाचित असं काही येईल: त्या किल्लीचं दार कधीच भिंतीत बुजवलंय. किल्ली कशालाच लागत नाही, पण वहीत तिची नोंद आहे आणि दामूकाका ती रोज मोजत आला आहे. हे उत्तर पुढे अनेक प्रवेश देतं, कारण आता मोहनला सही करायची हरकत उरत नाही, आणि तरी म्हातारा किल्ली देत नाही.

हीच यादी कुठेही अडलं की वापरता येते: ‘यानंतर ती काय करते’, ‘आत कोण येतं’, ‘तो काय लपवतो’.

## ७. मोठ्याने वाचून घ्या

तीन प्रवेश झाले की थांबा आणि वाचन ठेवा. वाचणारे नट असायला हवेत असं नाही. संहिता प्रत्येकाच्या हातात द्या, पात्रं वाटून द्या, रंगसूचना वाचायला वेगळा माणूस ठेवा. तुम्ही स्वतः वाचू नका. लेखक वाचतो तेव्हा कागदावर नसलेलं बरंच काही आवाजातून भरून काढतो आणि मग उणीव कळत नाही.

तुमच्या हातात पेन्सिल. वाचणारा जिथे अडखळला तिथे रेघ, ऐकणारे जिथे हलले किंवा खोकले तिथे टिंब, अनपेक्षित हशा आला तिथे फुली. वाचन चालू असताना खुलासा करायचा नाही. नंतर ‘आवडलं का’ असंही विचारायचं नाही, कारण माणसं भिडेखातर हो म्हणतात. त्याऐवजी हे विचारा: कोणाला काय हवं होतं? कुठे कंटाळलात? पुढे काय होईल असं वाटतंय? तिसऱ्याचं उत्तर सगळ्यांनी एकच दिलं तर दहा उत्तरांच्या यादीकडे परत जा.

वेळही मोजा. संवादांचं एक ए-फोर पान मध्यम गतीने वाचायला साधारण एक ते दीड मिनिट लागतं. अर्ध्या-पाऊण तासाच्या एकांकिकेला म्हणून पंचवीस-तीस पानं पुरतात, आणि दोन तासांच्या दोन अंकी नाटकाला ऐंशी ते शंभर. लिहिलेला प्रसंग वीस पानांत संपतो असं दिसलं तर ती एकांकिका आहे. तिला ताणून दोन अंकी करू नका.

## ८. आराखडा आता मांडा

कार्डं आता काढा. एका कार्डावर एक प्रवेश: कोण आत येतं, काय हवं असतं, जाताना काय बदललेलं असतं. तिसरा रकाना कोरा राहिला तर तो प्रवेश नाटकात नको. कार्डं जमिनीवर पसरा आणि जागा बदलत राहा. मध्यंतराआधीचं शेवटचं कार्ड असं हवं की त्यानंतर कुणालाच पूर्वीच्या जागी परतता येणार नाही.

आराखडा आधी न करता आत्ता करायचं कारण सांगतो. माणसं बोलायला लागण्याआधी केलेला आराखडा गोष्टीच्या सोयीने होतो, आणि मग पात्रांना त्यात बसवायला वाकवावं लागतं. दामूकाका स्टुलाचा पाय दाखवून विषय बदलणारा माणूस आहे हे तुम्हाला प्रवेश लिहिल्यावर कळलं. असा माणूस दुसऱ्या अंकात सगळं कबूल करणारं लांबलचक स्वगत म्हणणार नाही, हे आता कार्ड मांडतानाच लक्षात येईल.

अडलात तर

- प्रवेश सपाट वाटतोय: वेळ बरीच कमी करा. बस साडेबाराऐवजी अकरा वाजून वीस मिनिटांनी.
- दोघांचं बोलणं गोल गोल फिरतंय: तिसऱ्या माणसाला आत आणा, ज्याच्यासमोर दोघांना हे बोलता येणार नाही.
- पात्र भाषण देतंय: त्याच्याकडे ते काम सोपवा जे बोलता बोलता करता येत नाही, उदाहरणार्थ मोजणं. आकडा चुकला की पुन्हा पहिल्यापासून.
- काहीच सुचत नाही: त्याच पात्रांचा, नाटकात कधीही न येणारा एक प्रवेश लिहा. दामूकाका मोहनला पहिल्यांदा चहा देतो तो. पंचवीस मिनिटं, नंतर बाजूला ठेवा.

फाइल ठेवताना

पहिल्या पानावर नाटकाचं तात्पुरतं नाव, तुमचं नाव, खर्ड्याचा क्रमांक आणि तारीख. दुसऱ्यावर पात्रांची यादी: नाव, वय, एकमेकांशी नातं, बस्स, स्वभावाचं वर्णन नको. त्याखाली स्थळ आणि काळ दोन ओळींत. प्रत्येक पानावर क्रमांक हवाच, नाहीतर वाचनात ‘कुठलं पान?’ यातच वेळ जातो. प्रत्येक नवा खर्डा नव्या नावाने साठवा आणि जुना पुसू नका. पहिल्या खर्ड्यात काटलेलं वाक्य चौथ्यात परत हवं असतं. एक प्रत स्वतःलाच मेल करून ठेवा. आणि दुसऱ्याच्या कथेवरून किंवा कादंबरीवरून लिहीत असाल, तर हक्क ज्याच्याकडे आहेत त्याची लेखी परवानगी पहिला प्रवेश लिहिण्याआधी मागा. नाटक लिहून झाल्यावर नकार आला तर सगळी मेहनत कपाटात पडून राहते.